नको वाटतं तेच करायचं

३ डिसेंबर १९५३, तिरोडा
हे गोंदियाहून व्याख्यान ऐकून आले. कुणी डॉक्टर बोलला म्हणे — जोर काढले की दंड फुगतात, तसं नको वाटणारं काम रोज केलं की मेंदूत जिद्द वाढते. जेवताना पुन्हा पुन्हा तेच. मग ताट तिथंच टाकून उठले. दुसऱ्याचं उष्टं ताट उचलायला मला नको वाटतं. माझी जिद्द वाढली असेल!

४ डिसेंबर
ह्यांनी विहिरीवर थंड पाण्यानं आंघोळ केली. अशी बोंब ठोकली की शेजारची धुरपता धावत आली — "काऊन ओ बाई, कोनी विहिरीत पडलं का?"

११ डिसेंबर
बिडी सोडली. चहा सोडला. दिवसभर सगळ्यांवर खेकसतात. खळ्यावर धानाची मळणी सुरू आहे, आणि इकडे मेंदू पोसणं चाललंय! मी कांडते, सारवते, वर सासऱ्यांची बोलणी गिळते — लग्नाला आठ वर्षं झाली, पाळणा हलला नाही म्हणून. सोमवार, चतुर्थी, एकादशी, कुणी सांगेल तो उपास. त्या डॉक्टरचं खरं असेल तर माझा मेंदू डोक्यात मावायला नको.

२० डिसेंबर
सासऱ्यांनी ह्यांच्यासाठी दुसरी बायको पाहिली. बिरसीची शामकला. माझ्या तोंडावर म्हणाले, "इचं काय, राहील एका कोपऱ्यात."
आणि आमचे जिद्दीचे पहिलवान? मान खाली घालून भात कालवत राहिले. बापाला "नाही" म्हणायचं — हा व्यायाम व्याख्यानात नव्हता वाटतं. थू!

२१ डिसेंबर
आज आंघोळीला बोंब नाही. केवढा पराक्रम!

२७ डिसेंबर
उद्या शामकलाचा मामा मंगरू येणार, लग्न पक्कं करायला. पोहे मीच करायचे.
ह्यांनी हळूच विचारलं, "राग आला का तुले?"
"कायले येईल? जिद्द वाढून राहिली माझी."

२८ डिसेंबर
सुपारी फोडायच्या आधी हे उठून उभे राहिले.
"बाबूजी, त्या पोरीले फसवू नका. दोष इच्यात नाही, माह्यात आहे. नागपूरच्या डॉक्टरनं सांगितलं मले."
सासरे उठून आत गेले. मंगरू पोह्यांना हात न लावता निघून गेला. ओसरीवर आम्ही दोघंच.
मी विचारलं, "कधी सांगितलं डॉक्टरनं?"
"लग्नाच्या दुसऱ्या साली."