चार वाजून अकरा मिनिटं

प्रिय भोंगा,

तू लिहिलेला आपल्या कॉलेज रेडिओचा इतिहास मिळाला. सोबतची चिठ्ठीही मिळाली : 'स्मरणिका छपाईला जायची आहे. तारखा तेवढ्या तपास, भाषेला हात लावू नकोस.' तारखा तपासल्या. सगळ्या बरोबर आहेत. इतकं खोटं इतक्या बिनचूक तारखा घालून लिहायचं म्हणजे कष्टाचं काम.

पहिली चार पानं वाचताना मी हसलेही. ग्रंथालयाच्या जिन्याखालची ती खोली, भिंतीवर आपणच चिकटवलेले अंड्यांचे ट्रे, भौतिकशास्त्राच्या सरांनी भंगारातून जुळवलेला ट्रान्समीटर, ज्याचा आवाज वसतिगृहाच्या पलीकडच्या कुंपणापाशी दम सोडायचा. कँटीनच्या मावशी म्हणायच्या, तुमच्या रेडिओपेक्षा माझा कुकर बरा, शिट्टी तरी वेळेवर देतो. तुझं नाव भोंगा त्यांनीच ठेवलं. मी बटण, कारण तोंड उघडायची नाही, नुसती बटणं दाबायची. आणि तिसरी टाचणी. अंगाने तशी आणि बोलण्यानेही. सात पानांच्या इतिहासात तिला तू एक वाक्य दिलंस : 'एका विद्यार्थिनीच्या उतावीळपणामुळे केंद्र सात महिने बंद राहिले.' एका विद्यार्थिनीच्या! तीन वर्षं तिच्या डब्यात हात घालत होतास, तेव्हा ती कोण होती?

उतावीळपणा म्हणे. प्रयोगशाळेत एका मुलाचा डोळा गेला आणि कॉलेजने फलकावर लिहिलं की चूक त्याची. टाचणी तिथेच काम करायची. संरक्षक चष्मे मागणारे तीन अर्ज, तिन्हींवर उपप्राचार्यांच्या हातचं 'पाहू', हे तिने पाहिलं होतं. तिने ते उतरवून आणले. पुढचं आपण तिघांनी ठरवलं, कँटीनच्या मागच्या पायरीवर बसून. चारपर्यंत ती ते अर्ज माइकवर वाचेल, चारला तू बसशील, बटणं मी सांभाळीन. दोन आवाज हवेत, हे तर तूच सुचवलंस. एकटीला धरतील, दोघांना धरायला जड जाईल, असं म्हणालास. मला तेव्हा वाटलं होतं, काय माणूस आहे! आता लिहितानाही कान तापतात.

आपला नियम तू पान तीनवर मोठ्या कौतुकाने दिला आहेस : पुढचा निवेदक येऊन बसल्याशिवाय खुर्ची सोडायची नाही आणि दहा सेकंदांच्या वर शांतता जाऊ द्यायची नाही. छान. मग हेही लिही, की चारला दोन मिनिटं असताना तू आलास. बटणांपाशी मी बसायची तिथली काच बोळाकडे होती. तू आलास, जिन्यावरून उतरणारे उपप्राचार्य तुला दिसले, आणि तू बुटाची नाडी बांधायला वाकलास. नाडी सुटलेली नव्हती. उठलास तेव्हा तुझी न् माझी नजरानजर झाली. मग तू मागच्या दाराने गेलास.

टाचणीला हे दिसलं नाही. तिने घड्याळाकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, आणि पानं संपली तसे तिन्ही अर्ज पहिल्यापासून पुन्हा वाचायला घेतले. कारण तू येणारच होतास. चार वाजून अकरा मिनिटांपर्यंत ती वाचत होती. उपप्राचार्यांना आमची खोली सापडायलाच तेवढा वेळ लागला. ते आधी ग्रंथपालावर ओरडून आले. तिला दंडाला धरून उठवलं, खुर्ची पडली, आणि मी सवयीने अडीअडचणीची टेप लावली. दहा मिनिटांची सतार, अशा वेळेसाठी कायम तयार ठेवलेली. त्यातून सतार आली नाही. तू आलास. 'मित्रहो, मी आज इथे उभा आहे तो गप्प बसण्यासाठी नव्हे!'

वक्तृत्व स्पर्धेची तुझी तालीम. आदल्या दिवशी कोरी टेप नव्हती म्हणून मीच ती सतारीवर घेतली होती. नियम मोडून, तू गोड बोललास म्हणून. आणि तुझा आवाज पुन्हा ऐकायला मला आवडायचं म्हणूनही. झालं एवढंच. सगळ्या वसतिगृहाने ऐकलं, की तिला ओढून नेलं आणि त्याच क्षणी भोंगा माइकवर बसला. संध्याकाळी पोरांनी तुला खांद्यावर घेतलं. तू खाली उतरला नाहीस. एकतीस वर्षं झाली, अजून उतरलेला नाहीस. पान पाचवर लिहितोस, 'क्षणाचाही विलंब न लावता मी माइक हाती घेतला.' लाज कशी वाटली नाही रे?

मीही गप्प बसले, हे मला कुणी सांगायला नको. टेप पुसली हे कबूल करायची भीती होती, आणि तुझी भीड. चौकशीत विचारलं तेव्हा मी म्हणाले, मला काही ठाऊक नव्हतं, मी नुसती बटणं दाबते. तिच्या आदेशात लिहिलं गेलं : 'सहकाऱ्यांना अंधारात ठेवून, एकटीने.' शेवटची परीक्षा दोन महिन्यांवर होती. ती घरी गेली. गेली सव्वीस वर्षं एका दाताच्या डॉक्टरांकडे बाकावरच्या लोकांची नावं पुकारते. मी दाढ दाखवायला गेले नि तिने माझं नाव पुकारलं, तेव्हा मी तिला आवाजावरून ओळखलं. तिने मला शिव्या दिल्या नाहीत. विचारलं, त्या दिवशी तो बरा होता ना? आजारीबिजारी नव्हता ना? इतकी वर्षं हे समजून बसली होती, की तुला वाटेत काहीतरी झालं असणार. मी तिला सगळं सांगितलं. दाढ न दाखवताच घरी आले.

आता हे पत्र का, ते. टाचणीला राहिलेली परीक्षा द्यायची आहे. कॉलेज म्हणतं, तो आदेश रद्द झाला तर बसू देऊ. आणि तो रद्द व्हायला, त्या दिवशी कामावर असलेल्या दोघांनी लिहून द्यायला हवं, की बेत तिघांचा होता. माझं निवेदन मी काल प्राचार्यांकडे दिलं. त्यात नाडी आहे, मागचं दार आहे, टेपही आहे. दुसरी सही तुझी. अर्जाची मुदत शुक्रवारी संपते, तुझी स्मरणिका शनिवारी छापायला जाते. सही केलीस तर पान पाच तुला स्वतःच्या हाताने काढावं लागेल. नाही केलीस तर माझं निवेदन कॉलेजच्या कपाटात पडून राहील, आणि ती सोमवारी पुन्हा नावं पुकारायला बसेल. मी तुला धमकी देत नाही. माझ्याकडे तसं काही नाही. शुक्रवारी दहा वाजता ती प्राचार्यांच्या दाराबाहेर बसलेली असेल. मी सांगितलं तिला, त्याचा भरवसा धरू नकोस. ती म्हणाली, येईल गं.

एके काळी तुझीच,
बटण