भैरूचे केस कशाने गेले

वारजे, पुणे
१२ डिसेंबर २००४

तीर्थस्वरूप द्वारकावन्संना वासंतीचा नमस्कार. (तीर्थस्वरूप मुद्दाम पूर्ण लिहिलं आहे. ‘ती. स्व.’ असं तोडून लिहिलं की हल्लीची मुलं ‘स्व.’ म्हणजे स्वर्गीय समजतात, आणि आपल्या घरात यंदा तेवढे एक पुरे झाले.) तुमचा गुडघा कसा आहे? संगमनेरला थंडी पडली असेल. मी बरी आहे. जेवते, झोपते, वाचनालयात जाते. भैरूचं मात्र काही खरं नाही, म्हणून हे पत्र.

तुमच्या आप्पांनी मार्केट यार्डातून कांद्याच्या रिकाम्या पोत्यात घालून आणलेला तो भैरू आता नऊ वर्षांचा झाला. ते गेल्यावर महिन्याभरात त्याचे केस जायला लागले. आधी पुढच्या पायाचे, मग कुशीचे. आता तो अर्धा कुत्रा आणि अर्धा सोललेला बटाटा असा दिसतो. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी यज्ञेश्वरराव यांनी फळ्यावर लिहिलं, ‘केस गळणाऱ्या प्राण्यास जिना वापरण्यास सक्त मनाई.’ त्याखाली कोणी तरी लिहिलं, ‘मग सेक्रेटरींनी घरी कुठून जायचं?’ (त्यांचं डोकं तुम्ही तेराव्याला पाहिलंच आहे. अक्षर माझं नव्हतं. खडू माझा होता.)

माझं शिक्षण सातवीपर्यंत, पुढचं सगळं रद्दीतून आणि वाचनालयातून, म्हणून मी आधी श्वानपालनाचं पुस्तक आणलं. त्यात केस जाण्याची अकरा कारणं दिली होती आणि मला भैरूत अकराही दिसली. पिसवा, खरूज, बुरशी, जंत, म्हातारपण, काही म्हणून सुटलं नाही. तेवढ्यात कोंडीराम आला. आप्पांच्या गाळ्यावरचा जुना हमाल, भेटायला आला होता, पण आप्पांबद्दल काय बोलावं हे दोघांनाही सुचेना, म्हणून आम्ही कुत्र्याबद्दल बोललो. तो म्हणाला, “वहिनी, खरूजच हाय ही. करंजाच्या तेलात गंधक कालवून चोळा, आठ दिसात मखमल!” चोळलं. मखमल राहिली बाजूला, तिसऱ्या मजल्यावरच्यांना वाटलं गटार फुटलं. त्यांनी महापालिकेत फोन केला आणि दोन माणसं येऊन आमच्या दाराशी हुंगून गेली.

मग वरच्या मजल्यावरची श्रद्धा. मुलगी वर्ध्याची, हिंजवडीला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे, मन फार चांगलं. मी तिला म्हटलं, पुस्तकात एके ठिकाणी असे चट्टे पडतात त्याला चाई म्हटलंय, तर तुझ्या त्या इंटरनेटवर चाईबद्दल काय आहे बघ. दुसऱ्या दिवशी ती चौदा पानं घेऊन आली. “काकू, जगभरातल्या लोकायनं याच्यावर लिहून ठेवलं आहे, अन् तुम्ही टेन्शन घेऊन राहिल्या!” पानं इंग्रजी, तिनेच वाचून सांगितली. पातेलंभर चहा उकळायचा, गार करायचा आणि केसांना लावायचा. मला नवल वाटलं, पण करंजापेक्षा वास तरी बरा. केला. इतक्या वर्षांच्या हाताच्या सवयीने साखर आणि आलंही पडलं. अर्ध्या तासात भैरूला मुंग्या लागल्या. त्याला झाडता झाडता माझ्या लक्षात आलं की या पोरीने चाई नव्हे, चाय शोधली. मी तिला सांगितलं नाही. ती येता-जाता भैरूच्या पाठीवरून हात फिरवून “फरक पडून राहिला ना काकू?” असं विचारते. मी हो म्हणते.

परवा यज्ञेश्वरराव घरी आले. चप्पल बाहेर काढून, हळू आवाजात. महिनाअखेरच्या मीटिंगपर्यंत कुत्रा बरा करा, नाही तर, “वहिनी, एक इंजेक्शन असतं. त्याला काही त्रास होत नाही.” मी म्हटलं, यांच्या वेळीही डॉक्टर असंच म्हणाले होते. ते चहा न घेता गेले. (गेले ते बरंच झालं. चहापत्ती संपली होती.)

शेवटी जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेला. करंज आणि चहा ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला आणि चहा कुत्र्याच्या पोटात गेला तर विष, असं सुनावलं. कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, रक्त तपासलं. किडा नाही, बुरशी नाही, काही नाही. मग म्हणाल्या, अलीकडे घरात काही बदल झालाय का? मी म्हटलं, तसा काही नाही. नवा पंखा लावला, आणि हे गेले.

मग त्यांनी भैरूला दिव्याखाली उभं केलं आणि म्हणाल्या, नीट बघा, केस गेलेत कुठे? जिथे त्याचं तोंड पोचतं तिथेच. डोकं, मान, कान शाबूत. केस गळत नाहीत आजी, तो स्वतः उपटतोय. पुस्तकातल्या अकरा कारणांत हे नव्हतं. आता त्याच्या गळ्यात प्लास्टिकचं नरसाळं आहे. ते घालून तो सकाळी यांच्या खुर्चीखाली हुंगतो, मग कपाटाखाली, मग दाराशी, आणि परत येऊन माझ्याकडे बघतो. मी तरी काय सांगणार? तेरावं झाल्यावर रीतीप्रमाणे सगळे कपडे देऊन टाकले, गादी दिली, घर दोनदा फिनाईलने पुसलं. सगळे म्हणाले, वासंतीने किती पटकन आवरलं. आवरलंच.

बाकी सर्व ठीक. गुडघ्याला शेक देत जा.

तुमची
वासंती

ता. क. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मालकाच्या अंगावरचा एखादा कपडा त्याच्या अंथरुणात ठेवा, तेवढ्याने कदाचित थांबेल. नाही थांबला तर जखम चिघळेल, आणि मग यज्ञेश्वरराव म्हणतात तेच करावं लागेल. त्यांना मी, घरात काहीच उरलेलं नाही, असं सांगून आले. पण वन्सं, कपड्यांचं गाठोडं बांधताना तुम्ही त्यातला आप्पांचा तपकिरी मफलर काढून तुमच्या पिशवीत घातलात. मी पाहिलं होतं. बोलले नाही, कारण भाऊ तुमचाच होता. अख्खा मागत नाही. कापून थोडा पाठवाल का?

ता. क. २. धुतला असेल तर तसं कळवा, मग नको. धुतला नसेल तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा. भैरूला वीतभर पुरेल असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. तुम्ही दोन वीत कापा.