दादांच्या वेळचं व्हर्जन

३ जून
आज रुजू झालो. पंपांचे सुटे भाग विकणारी कंपनी. वॉशरपासून माणसांपर्यंत सगळं ज्या डेटाबेसमध्ये आहे, तो आता माझ्या ताब्यात. वायरी ओढण्यापासून सुरुवात करून इथवर आलो, कुणाच्या ओळखीवर नाही. त्यामुळे स्वतंत्र केबिन पाहून छाती जरा फुगलीच. शिवाय कंपनीचं घर. बायको तर स्वयंपाकघर पाहून हरखली. फळ्या नेमक्या तिच्या हाताला येतील अशा. बसवल्या माझ्या आधीच्या माणसाने. सगळे त्याला दादा म्हणतात. एकटाच होता. गेल्या हिवाळ्यात याच केबिनमधल्या खुर्चीत बसल्या बसल्या गेला.
खुर्ची मात्र झकास आहे.

६ जून
माझे कान तिखट. भिंतीपलीकडे कोण टाइप करतंय, ते नुसत्या चालीवरून सांगतो. इथे मात्र एकच ऐकू येतं : दादा, दादा, दादा. स्टोअरकीपरला सगळे भोंगा म्हणतात; आवाजच तसा. त्याने ऐकवलं की दादांनी जाता जाता डेटाबेसचं नवं व्हर्जन टाकलं म्हणून बरं, नाहीतर पूर्वी एक वॉशर शोधायला लावून चहा पिऊन यावं. दादा म्हणे दोनच बोटांनी टाइप करायचे, पण ओळ संपली की एन्टरवर अशी टप्पल द्यायचे की स्टोअरपर्यंत कळायचं, झालं काम.
मी हसलो. माझ्या विनोदांना इथे अजून कुणी हसलेलं नाही.

११ जून
जन्म जुन्या व्हर्जनवर गेला माझा. नव्यात चाचपडतोय. आज एक रिपोर्ट निघेना, तर भोंग्याने चारचौघांत मला सांभाळून घेतलं, की असू दे, साहेब नवीन आहेत, दादांनी डोळे मिटून काढून दिला असता. अंगाचा तिळपापड झाला. घरी आलो तर बायको फळीवर डबे लावत म्हणते, बाईच्या कंबरेचा विचार करणारा पुरुष विरळाच हो.
मी आमटीत मीठ कमी आहे म्हणालो. मीठ बरोबर होतं.

१४ जून
मोठ्या साहेबांना पटवलं : नवं व्हर्जन नाजूक, जुनं दणकट, मागे जाऊ. सॉफ्टवेअर कंपनीतल्या बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, पुढे जाणं सोपं असतं, मागे येणं तसं नसतं. नव्याचा डेटा जुन्याला वाचता येत नाही. जुन्या व्हर्जनच्या वेळचा बॅकअप आमच्याकडे आहे, तोच चढवायचा आणि नंतरचं सगळं हाताने भरायचं. म्हणून आधी आजची प्रत वेगळ्या डिस्कवर जपून ठेवा; ती असेल तरच परत फिरता येईल. मी हो हो म्हणत राहिलो.
तशी डिस्क खणातच होती. रोजची प्रत आपोआप तिच्यावर पडते. वर दादांच्या अक्षरातली चिठ्ठी : ‘ही जपा.’ अक्षरसुद्धा मोत्यासारखं! चिठ्ठी नखाने खरवडून काढली. मग डिस्कही कोरी केली, तिची वायरही उपटली. या खोलीत आता त्याचं काही नको.

१७ जून
जुनं व्हर्जन चढलं. हातांना कसं घरी आल्यासारखं वाटलं! डेटा अर्थातच दादांच्या वेळचा. कर्मचाऱ्यांत दादांचं नाव, पुढे ‘हजर’. मी कुठेच नाही. कसा असणार? नंतर आलो ना.
स्वतःला भरायला बसलो. जुनं व्हर्जन माणूस ओळखतं घराच्या नंबरावरून. नंबर टाकला, माझं नाव टाकलं, बायकोचं टाकलं. माझं घेईना, जागा भरलेली आहे म्हणे. बायकोचं मात्र घेतलं. दादांच्या ओळीत. पत्नीच्या रकान्यात.
पुसलं तर पुसेना. उद्या बघतो.

१८ जून
कार्डाने दार उघडलं नाही. काल माझी थट्टा करणारा वॉचमन आज विचारतो, कुणाकडे आलात. भोंग्याने बसायला दिलं, पाणी दिलं, वर म्हणाला, थांबा जरा, दादा कामात आहेत. चेष्टा असेल म्हणून हसलो.
केबिनचं दार बंद. आतून टक्, टक् — दोन बोटं. मग टप्पल.
सगळे इतके खुशीत. माझ्या वेळी कधी कुणी असं —
बाईंना फोन केला. त्यांनी एवढंच विचारलं : आजची प्रत ठेवलीत ना?

१९ जून
रात्र कंपनीच्या फाटकाबाहेर काढली. घरी आलो, तर किल्ली फिरत नाही. बायकोने साखळी लावूनच दार उघडलं. कोण हवंय, म्हणाली. तिला आमच्या लग्नातली फजिती सांगितली, पाठीवरचा तीळ सांगितला — घाबरली. आत वळून हाक मारली, अहो, जरा बाहेर या ना —
अहो. इतक्या मायेने मला कधीच —

जिन्यात बसलोय. दार लागलं. आत ती हसतेय. टक्. टक्.
डायरीच्या पहिल्या पानावर माझं नाव होतं. आता नुसतं आडनाव — टक् — तेही —
ओळ अजून संपलेली नाही. टप्पल पडायच्या आत तिने एकदा, फक्त एकदा, मला अहो —