सरळ केलेला चिमटा

सातारा, २ ऑगस्ट १९४३

चि. कृष्णात यास हरणाआक्काचे अनेक आशीर्वाद.

कुंडलला निघालेल्या आपल्या गावच्या ज्ञानूबरोबर आमच्या डॉक्टर शरयूबाईंचा एक चिमटा पाठवते आहे. सांध्याचा खिळा ढिला झालाय, तेवढा बसवून दे. लढाईमुळं विलायतेहून नवा येत नाही आणि प्रसूतिगृहात हा एकच आहे. कशाचा, ते पत्रात लिहायला अवघड वाटतं. विचारलंस तर सांगेन. पुस्तकं वाचून इंजिनं खोलणारा भाऊ असताना दुसऱ्या कुणाच्या हाती कशाला देऊ?

आणि काय रं, पाकिटावर नुसतं 'शाळेजवळ, सातारा' असं किती दिवस लिहिणार? ज्ञानू सांगत होता, कुंडलात मी मास्तरीण झालेय म्हणे! बाळंतपणं करणारी बहीण सांगायला लाज वाटते व्हय?

भावजय धोंडुबाईस आशीर्वाद. लोभ खिळ्यासारखा घट्ट असू दे.

तुझी आक्का


कुंडल, ९ ऑगस्ट १९४३

तीर्थरूप हरणाआक्कास कृष्णातचा शिरसाष्टांग नमस्कार.

चिमटा ज्ञानूबरोबर परत धाडलाय. खिळा नवा घडवला. तू तेवढंच सांगितलं होतंस, पण माझी नजर तेवढ्यावर थांबत नाही. दोन्ही पाती टोकाकडं वर वाकली होती. मेजावर ठेवला की टोकं दोन बोटं अधांतरी! कुणाच्या तरी हातून पडला असणार, आणि तुमच्या बाईंना पत्ताही नाही. भट्टीत तापवून ऐरणीवर सरळ केला. दोरी धरून बघ, सुताचा फरक निघायचा नाही. आतल्या अंगाला माझी 'कृ' ही खूण ठोकलीय.

मास्तरणीचं म्हणशील, तर लोकांची तोंडं तुला ठाऊक आहेत. तो विषय नको.

धोंडुबाईचा नमस्कार. धाकट्यावरचा लोभ उणा होऊ नये.

तुझा कृष्णात


सातारा, १८ ऑगस्ट १९४३

चि. कृष्णात यास आशीर्वाद.

परवा वडूजकडची एक बाई बैलगाडीतून आली. दोन दिवस अडलेली, बाळाचं डोकं वरच अडकलेलं. शरयूबाईंनी चिमटा हाती घेतला आणि तशाच थांबल्या. त्यानं बाळाचं डोकं धरून बाहेर घेतात, कृष्णात. बाईच्या आतली वाट सरळ नसते, पुढं वळते. तो बाक त्या वाटेचा होता. सरळ चिमटा बसेना. बाईंनी हातांनी जमेल तेवढं केलं. आई वाचली. मुलगी गेली.

बाई तुला एक शब्द बोलल्या नाहीत. कशाचा आहे ते भावाला सांगितलं होतंस का, एवढंच मला विचारलं. नाही, असं मी सांगितलं. तू सरळ केलाय हे वाचूनही, आल्यावर त्यांना न दाखवता मीच तो उकळून ठेवला होता, तुझ्या हातावर भरवसा म्हणून. निम्मा दोष माझा.

पण एक सांग. पडलेल्या वस्तूची दोन्ही पाती सारखीच कशी वाकतील? तुझ्यासारख्याला हे दिसू नये?

आक्का


कुंडल, २९ ऑगस्ट १९४३

तीर्थरूप आक्कास साष्टांग नमस्कार.

गेल्या रविवारी तुमच्याकडं आलो, तेव्हा तुझ्यासमोर तोंड उघडलं नाही, म्हणून लिहितोय. शरयूबाईंनी कमरेच्या हाडांचा सांगाडा मेजावर ठेवला आणि कापडाची बाहुली त्यातनं फिरवून वाट दाखवली. मी जमिनीकडं बघत होतो. खाली बघून माप मिळत नाही, असं त्यांनी सुनावलं. मग बघितलं. बाक कागदावर उतरवून घेतला.

चिमटा पुन्हा घडवून धाडलाय. आधी त्या सांगाड्यावर बसवून बघा, बाईंनी हो म्हटल्याशिवाय वापरू नका. माझी खूण कानशीनं घासून काढलीय.

तू विचारलंस ते. मला दिसलं होतं, आक्का. दोन्ही पात्यांचा बाक मी मोजला होता, सुतासूत सारखा होता. पडून असं होत नाही, हे त्याच दिवशी कळलं होतं. पण विचारायचं म्हणजे तो कशाचा ते ऐकावं लागणार, आणि तेही बहिणीकडून. त्यापेक्षा सरळ करणं सोपं वाटलं. त्या मुलीपुढं माझ्या शहाणपणाचं काय करू?

या खेपेला पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहिलंय: हरणाबाई, नर्स, शरयूबाईंचं प्रसूतिगृह, सातारा. आमचे पोस्टमास्तर लालासाहेब पत्ता मोठ्यानं वाचतात आणि तिथं चार माणसं बसलेली असतात. त्यांचं वाचून होईपर्यंत मी तिथंच उभा राहणार आहे.

लोभ मागायला तोंड नाही. तरी मागतो.

तुझा कृष्णात