सोफ्यावर कोण?

४ मार्च

ती. आत्यास भिंगरीचा सा. न. वि. वि.

मी वेळेवर जेवते, झोपते, आणि हो, केसही विंचरते. गाण्याच्या व्हिडिओत कोण कुठे उभं राहणार, ते आखायचं काम मिळालंय. पहिलंच! पण दिग्दर्शकांनी माझा आराखडा न उघडताच बाजूला सारला. त्यांना गायक उंच चौथऱ्यावर हवा आणि गायिका खाली सोफ्यावर आडवी, समोर पंखा, केस भुरभुर. कॅमेरा तिच्या पायांपासून निघून गळ्यापाशी थांबणार. आत्या, गाणं तिचं आहे! शब्द तिचे, चाल तिची. तो फक्त दोन ओळींपुरता येतो. मी बोलले, तर जमत नसेल तर दुसरी मुलगी बघतो म्हणाले. नुसती चडफडतेय. नाटकांचे कपडे शिवण्यात तुझा जन्म गेला, तूच सांग काय करू.

लोभ आहेच, तो वाढता ठेव.

तुझी भिंगरी

९ मार्च

चि. भिंगरीस अ. आ.

अगं, नाकावरचा राग जरा खाली उतरव. चाळीस वर्षं हेच पाहतेय. नायकाने उभं राहायचं, नायिकेने दिसायचं. नाटक कंपनीचे मालक सांगायचे, आम्ही शिवायचो. पहिलंच काम आहे, हातचं घालवू नकोस. तुझे बाबा म्हणतात, ही आत्यावरच गेलीय. कौतुक की तक्रार, ते मी विचारलं नाही. मुकाट्याने काम कर आणि घरी ये.

पत्राला उशीर केलास तरी माया कमी करणार नाही, पण करू नकोस.

तुझी आत्या

१७ मार्च

ती. आत्यास सा. न. वि. वि.

मुकाट्याने काम केलं. जमिनीवर पट्ट्या चिकटवल्या, लाल तिची, निळी त्याची. पण डोकं ठिकाणावर नव्हतं, उलट्या चिकटवल्या! दिवे लावताना गायकांच्या जागी त्यांच्या उंचीची दोन माणसं घेतात. ती बिचारी फक्त आपापला रंग बघतात. चहा घेऊन येते तो काय, दाढीवाला दणकट गडी सोफ्यावर आडवा, शर्ट पंख्याने फडफडतोय आणि कॅमेरा त्याच्या पोटऱ्यांवरून हळूहळू वर चाललाय. सगळा स्टुडिओ हसून लोळत होता. माझी पाचावर धारण! पट्ट्या उपटायला धावले. तेवढ्यात गायिका पुढे आली. तिने विचारलं, की काल सरावात मी अशीच पडले होते, तेव्हा कुणीच कसं हसलं नाही?

मग ती चौथऱ्यावर चढली, पाय रोवून, समोर बघत गायली. आत्या, अंगावर काटा आला. गायक स्वतःच म्हणाला, की मी खाली थांबतो. सोफा बाहेर गेला आणि दिग्दर्शकांनी माझा आराखडा मागून घेतला. शेवटी पडद्यावर माझं नाव येणार आहे, बाबांना सांग.

आशीर्वाद असू दे.

भिंगरी

२ एप्रिल

चि. भिंगरीस अ. आ.

व्हिडिओ पाहिला. बाबा तुझ्या नावाशी थांबवून शेजाऱ्यांना दाखवतात. गाणं अजून कुणी धड ऐकलेलं नाही. मी ऐकलं. ती पोरगी लांब पावलं टाकत पुढे येते, तेवढंच मी पुन्हा पुन्हा लावून पाहिलं. नायिकांचे झगे मी कायम गुडघ्याशी आवळून शिवले, पाऊल लहान पडावं म्हणून. पुढे पुढे तर कुणी सांगायचीही गरज उरली नाही. तुला गप्प बस म्हटलं, चुकलंच माझं.

नव्या नाटकाचा झगा मशीनवर होता. आज सकाळी त्याची गुडघ्याची शिवण उसवली, घेर सोडला. नटी घालून बघायला आली आणि दुकानभर चालत सुटली, इकडून तिकडे, थांबेचना.

तुझी आत्या