एकतीस पोरांचा एकच मामा

सर, तुमची मुलगी माझ्याकडे येऊन गेली. मागच्या रविवारी, भर दुपारी, वरूडहून अमरावतीला एसटीने. मी दार उघडलं तर ओळखलंच नाही. ओळखणार तरी कशी? मी तिला शेवटची पाहिली तेव्हा ती फ्रॉकमध्ये शाळेच्या ओट्यावर बसून बोरं खात होती. आता तिचे केस पांढरे व्हायला लागलेत. कपाळ मात्र तुमचं. पाणी प्यायली, पंख्याखाली बसली आणि इकडचं तिकडचं काही न बोलता सरळ म्हणाली, "मॅडम, आई खाटेवर हाये. बोलनं लय कमी झालं तिचं. पन रोज एकच इचारते, कोनी लिहून दिलं का म्हून. तुमी एक कागद लिहून द्या, बस. बाबानं परीक्षेच्या पेपरात पोराईले काही सांगतलं नवतं, असा. कोन्या ऑफिसात द्यायचा नाई. आईले वाचून दाखवाचा हाये." मी काय उत्तर दिलं ते सांगते, पण आधी बाकीचं सांगू द्या. नाहीतरी कोणाला सांगितलेलं नाही.

तेल्हाऱ्याकडचं आमचं गाव तुम्हाला कसं वाटलं असेल, हे मी तेव्हा कधी मनातही आणलं नाही. संत्र्याच्या मुलखातला माणूस कापसाच्या मुलखात आला, एक खोली भाड्याने घेतली आणि आम्हा पोरापोरींना इंग्रजी शिकवायला लागला. आमच्या गावात इंग्रजी म्हणजे पाचवीत सुरू होणारं आणि दहावीत गळ्याशी येणारं दुखणं. तुमच्या आधीचे सर पुस्तक उघडून वाचायचे, अर्थ सांगायचे आणि डुलकी काढायचे. तुम्ही पहिल्या दिवशी पुस्तक बंद करायला लावलंत आणि विचारलंत, "तुयी माय आता काय करून राहिली?" एक पोरगा घाबरत म्हणाला, "वांगे तोडून राहिली." तुम्ही फळ्यावर थाप मारलीत. "बस! यालेच चालू वर्तमानकाळ म्हन्तेत. पुस्तकात 'तोडत आहे' लिहिलं हाये, तसं आपल्या गावात कोन बोलते? तोडते वेगळं, तोडून राहिली वेगळं. इंग्रजीतही तसंच हाये. तुमाले निम्मं इंग्रजी घरीच येते, बह्याडहो!" आणि ते 'अ' आणि 'द'! 'अ डॉग' म्हणजे कोणतंही कुत्रं, 'द डॉग' म्हणजे ते पाटलाच्या वाड्यासमोरचं, चावणारं. आजही मी माझ्या वर्गात हेच सांगते, फक्त पाटलाच्या जागी अपार्टमेंटचा वॉचमन टाकते. पोरं हसतात. हे कोणाचं आहे ते मी सांगत नाही.

दहावीला तुम्ही ते पत्र रचलंत. मित्राला सुट्टीत बोलावणारं, बावीस ओळींचं. माझ्या मामाची वरूडला संत्र्याची बाग आहे, मामाकडे एक काळा कुत्रा आहे, मागच्या वर्षी आम्ही गेलो होतो, आता फळं तोडून राहिले आहेत, पुढच्या आठवड्यात ट्रक भरले जातील. साधा भूतकाळ, पूर्ण काळ, भविष्य, कर्मणी प्रयोग, सगळं व्याकरण तुम्ही त्या बावीस ओळींत असं बसवलं होतं, बाईने डब्यात पोळ्या बसवाव्यात तसं. "हे पाठ करा. मंग तोडा. मंग आपलं जोडा," म्हणालात. आम्ही पाठ केलं. अहो, असं पाठ केलं की झोपेत उठवून विचारलं तरी सांगू. मी वाफ्यात पाणी सोडताना म्हणायची, नळावर म्हणायची. माझी माय तेल्हाऱ्याच्या बाजारासाठी कोथिंबिरीच्या जुड्या बांधायची, तिला अक्षरओळख नाही, पण ऐकून ऐकून तिलाही पहिल्या चार ओळी यायला लागल्या होत्या. गावातल्या एकतीस पोरांना एकच मामा झाला, तोही वरूडचा. खरं म्हणजे आमच्यातल्या एकानेही वरूड पाहिलं नव्हतं.

जानेवारीत तुम्ही मला उभं केलंत. मी सगळं पत्र एका दमात म्हणून दाखवलं आणि शाबासकीची वाट पाहत राहिले. तुमचा चेहराच पडला. "पाठ केलं ते आपलं नसते, पोरी. तुया मामा कुठं रायते?" "अकोटले." "काय करते?" "हमाली." "मंग त्याची संत्र्याची बाग कावून दाखवून राहिली? त्याले अकोटले ने. कुत्रं नसन तर बकरी टाक." मी एक ओळ बदलली आणि अडले. दुसरी बदलायला गेले तर पहिलीही विसरले. सगळा वर्ग हसला आणि मला असा राग आला तुमचा की काय सांगू. त्या दिवशी तुम्ही सगळ्यांना बजावून सांगितलंत, परीक्षेत हे जसंच्या तसं लिहू नका, आपापलं करून लिहा. आम्ही मान हलवली. घरी जाताना आमचं एकमत झालं की सर काहीही म्हणोत, सरांच्या इंग्रजीला हात लावायचा नाही. आपण बदललेला शब्द चुकणार, सरांचा चुकणार नाही. इतका विश्वास होता, बघा. त्या विश्वासानेच तुमचा घात केला.

पेपरात तेच पत्र आलं. सुट्टीत मित्राला बोलवा. आम्हाला आकाश ठेंगणं झालं. एकतीस पोरांनी एकतीस पेपरांत तोच मामा, तोच काळा कुत्रा, तेच ट्रक उतरवले, स्वल्पविरामासकट. तुम्ही त्या दिवशी शाळेच्या आवारात होतात, पोरांना धीर द्यायला आला होतात, पाण्याची घागर भरून ठेवत होतात. तेवढंच पुरलं. जूनमध्ये सगळ्या राज्याचा निकाल लागला, आमच्या शाळेचा राखून ठेवला. गावात बातमी आली की इंग्रजीच्या सरांनी खिडकीतून पत्र सांगितलं. तुम्ही चौकशीला आलेल्यांना खरं तेच सांगितलंत, पोरांना पाठ होतं. कोण विश्वास ठेवणार? एकतीस पोरांना बावीस ओळी, शब्द न् शब्द? मग तुम्हीच म्हणालात, कोण्याही पोराला बसवा, कोरा कागद द्या, लिहून घ्या. आणि माझं नाव सांगितलंत. वर्गातली सगळ्यात पक्की म्हणून.

चौकशीच्या आदल्या दिवशी, उन्हं कलली तेव्हा, शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष आमच्या मारुतीच्या पारावर बसले आणि सगळ्या पोरांच्या बापांना बोलावलं. त्यांचं म्हणणं सरळ होतं. पोरांना पाठ होतं हे कोणी मानणार नाही, मग सगळी पोरंच नकलेत अडकतील, वर्ष जाईल, शाळेचं परीक्षा केंद्र जाईल. सरांनी सांगितलं असं एकदा म्हटलं की गोष्ट एका माणसावर संपते. माझा बाप घरी आला, हातपाय धुतले, माझ्याजवळ बसला. तो वाईट माणूस नव्हता, सर. तुम्हाला न विसरता वांगी-मेथी पाठवायचा. म्हणाला, "सर मोठे मानूस हायेत. शिकेल सवरेल. त्यायचं काई बिघडत नाई, दुसऱ्या शाळेत लागतीन. तुयं वर्ष गेलं त मंग मी तुले पुढं शिकवू शकन का? तुया काका सोयरीक घेऊन बसला हाये." मायने ताट वाढलं, मी जेवले. चांगली पोटभर जेवले, हेही लिहून ठेवते.

दुसऱ्या दिवशी तेल्हाऱ्याच्या एका शाळेत चौकशीची खोली. टेबलामागे एक बाई आणि एक कारकून. बाई भली होती हो, मला आधी पाणी दिलं, गाव विचारलं. मग कोरा कागद पुढे सरकवला. "घाबरू नको. तुझ्या सरांचं म्हणणं आहे तुला सगळं पाठ आहे. लिही बरं जमेल तेवढं." दार उघडंच होतं, बाहेरच्या बाकावर तुम्ही बसला होतात, तुमच्या चपला मला दिसत होत्या. मला पत्र येत होतं. मी पेन हातात धरलं तर ते आपोआप चालायला लागलं असतं, म्हणून मी पेन उचललंच नाही. बाईने दोनदा विचारलं. मग मी म्हटलं, "मले येत नाही. सर खिडकीतून सांगून राहिले होते, तेच लिहिलं." कसं बोलले पाहा. तुम्हीच शिकवलेल्या चालू काळात, स्पष्ट, न अडखळता. बाईने पेनाचं टोपण लावलं. बाकीच्या पोरांना लिहायला सांगायची गरजच पडली नाही. सगळ्यात हुशार पोरीला येत नाही म्हटल्यावर कोणाला येणार? मी बाहेर आले. तुम्ही उठून उभे राहिलात. मला वाटलं आता मारणार, आणि मारलं असतंत तर बरं झालं असतं. तुम्ही म्हणालात, "ऊन लय हाये. डोक्याले रुमाल बांधून जाजो."

आमचे निकाल लागले. तुम्ही गाव सोडून गेलात. दुसऱ्या शाळेत काही लागला नाहीत. तसला शेरा असलेल्या माणसाला कोण घेणार? माझ्या बापाला ते खरंच माहीत नव्हतं, की माहीत करून घ्यायचं नव्हतं, ते त्यालाच ठाऊक. मी अकोल्याला कॉलेजात गेले. इंग्रजी घेतलं. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला मनाचा हिय्या करून वरूडला आले, विचारत विचारत तुमच्या भावाच्या संत्र्याच्या शेडवर. तुम्ही पेट्यांवर गावांची नावं टाकत होतात, काळ्या रंगाने, तुमच्या त्या सुबक इंग्रजी अक्षरांत. मला पाहून तुम्ही हरखलात, सर. हेच मला आजवर पचलेलं नाही. "काय शिकून राहिली?" "इंग्रजी, सर." शेडमधल्या बायांना हाक मारून सांगितलंत, "हे माई विद्यार्थिनी!" मी तोंड उघडलं की तुम्ही दुसरं काहीतरी विचारायचात. निघताना एक पेटी माझ्या हातात दिलीत, वर दोन संत्री पिशवीत, वाटेत खायला. बसमध्ये मी ती दोन्ही खाल्ली. पेटी होस्टेलवर वाटली. मैत्रिणींनी विचारलं, कोणी दिली? मी सांगितलं, मामाने.

तुम्ही गेल्याचं एका वर्गमैत्रिणीने फोनवर कळवलं. शेडवरच, पेटी उचलताना. मी तेव्हा नव्याने नोकरीला लागले होते, शिकवायला उभं राहायचं होतं, उभी राहिले. त्याला एकोणीस वर्षं झाली. आता शिक्षकांनाच इंग्रजी कसं शिकवावं हे शिकवायला मला बोलावतात. मी छान बोलते. बोलीतून व्याकरण शिकवा म्हणते, टाळ्या पडतात. कधी कधी मला तुमचाच राग येतो. एवढी पोरं होती, माझंच नाव कावून घेतलं तुम्ही? एखाद्या ढ पोराचं घेतलं असतं तर तो बिचारा सगळं लिहून मोकळा झाला असता, त्याला पारावरचं राजकारण कळलंच नसतं. हुशार पोरीवर भरवसा ठेवला, घ्या!

तर तुमची मुलगी बसली होती. मी चहा केला, ती बशीत ओतून प्यायली. मला एवढंच करायचं होतं, कागद घ्यायचा आणि चार ओळी लिहायच्या. मराठीत. पण तुमच्या बायकोने तो ऐकला असता आणि विचारलं असतं, मग खोटं कोण बोललं? त्याचं उत्तर कागदाखालीच असतं, माझी सही. मी म्हटलं, "फार वर्षं झाली हो. मला आता काहीच आठवत नाही." तिने माझ्याकडे पाहिलं. भांडली नाही. तुमच्या घरात कोणाला भांडताच येत नाही का, सर? "बरं मॅडम. तुमाले उगाच तरास देल्ला," म्हणाली आणि आपला फोननंबर देऊन, माझा घेऊन उन्हात निघून गेली.

तुम्हाला मी हे सगळं लिहू शकते, कारण तुम्ही वाचणार नाही. हे कुठे पाठवायचं नाही, तिलाही नाही. आणखी एक सांगून टाकते. आज सकाळपासून तिचा दोनदा फोन आला. तुमची बायको गेल्याचं सांगायलाच असेल, ते मला कळतं आहे, म्हणूनच मी उचलला नाही.