चाखल्याशिवाय

४ नोव्हेंबर

लिहायला उशीर झाला, माफी असावी. सर्व संतांचा सण गेला, मृतांसाठी प्रार्थना करायचा दिवस गेला, वही कोरडीच. बोटं वळत नाहीत, आणि अक्षर आधीच कोंबडीच्या पायांचं!

राजेसाहेबांनी पोपला सोडलं, राणीला टाकलं, नवी आणली. आज हुकूम — टाकलेल्या राणीची लेक फिलिपा आता राजकन्या नाही. नुसती ‘बाई’. सतराची पोर! तिचं ताट आधी मी चाखायचो, तेही बंद. चाखायचं ते फक्त राजघराण्याचं. नव्या राणीची मावशी, लेडी ग्रिझेल, आता इथली मालकीण! म्हणाली, “म्हाताऱ्या, फुकटचं खूप हादडलंस. जा, कोंबड्या सोल.”

५ नोव्हेंबर

आमचे धर्मगुरू! परवापर्यंत पोपचं नाव घेताना डोळ्यांत पाणी. आज तेच नाव प्रार्थनेच्या पुस्तकातून चाकूनं खरवडतायत. वर मलाच, “जरा धार लावून देतोस का रे?”

७ नोव्हेंबर

फिलिपा जेवत नाही.

८ नोव्हेंबर

सरपण द्यायच्या निमित्तानं वर गेलो. गाल बसलेत. म्हटलं, “बाईसाहेब, दोन घास तरी.”

“न चाखलेलं खाल्लं की मी कबूल केलं, ऑस्बर्टबाबा. मी राजकन्या नाही, म्हणजे आई राणी नव्हती. मग कोण होती ती? सांगा ना!”

सरपण चुलाण्याशी रचलं नि खाली निघालो.

जिन्यात ग्रिझेल. “विषाला भितेय होय? हिला हट्टच पुरेल!”

मूर्ख बाई. विष कसलं! उभा जन्म चाखतोय, मीठ जास्त यापलीकडे काही निघालं नाही. तो नुसता मान असतो. एवढंही कळत नाही, आणि म्हणे दरबारी!

१० नोव्हेंबर

तोडगा काढला. स्वयंपाकघरातच चोरून चाखायचं, मग ताट वर. आचारी हसला, “काका, भूक लागली तर सरळ सांगा की!”

तिला सांगितलं. “शपथ?” “शपथ, बाईसाहेब.”

जेवली! ग्रिझेल मिरवतेय — पोरगी मोडली म्हणे. मिरव!

११ नोव्हेंबर

रस्सा चाखला. ताट वर गेलं. प्रार्थना आटोपली की ती जेवायला बसेल. माझी जीभ बधिर. ओठ जागेवर नाहीत. पाय उचलत नाहीत, हाक फुटत नाही, लिहिता हात तेवढा चालतोय. आचारी पलीकडे म्हणतोय, “काकांना डुलकी लागली.” अरे बघ इकडे! कुणीतरी वाचा हे — वर निरोप धाडा, आत्ता — खाऊ नको म्हणावं